पाऊण इंच

एस्पान्योलाच्या पुलाकडे गाडी वळली की
मागून, डाव्या अंगाने, टक्क.
ब्रेक सोडला की पुन्हा एकदा, हलकं,
कुणी आतून कडी लावल्यासारखं.

डेल्फिना म्हणाली, स्प्रिंगा बदल.
बदलल्या. टक्क.
शॉक बदलले. टक्क.
रोग म्हशीला नि औषध पखालीला,
आठवडाभर हेच.

मग टेप लावली. चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत,
डावं, उजवं. आकडे जुळ्या भावंडांसारखे.
शेवटी नुसती पहार घेऊन
पॅनहार्ड रॉडचं टोक हलवलं
तर ते दुधाच्या दातासारखं हललं.
आतलं रबर कधीच झिजून गेलेलं,
बोल्ट रिकाम्या भोकात वाजत होता.
चाळीस मिनिटांचं काम.

आवाज गेला. कलणं गेलं नाही.
त्रेसष्टची इम्पाला, वांग्याच्या रंगाची,
सपाट सिमेंटवर डावीकडे झुकून उभी,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.
दर खड्ड्यात डावा टायर मडगार्डला घासायचा.

उजवी स्प्रिंग उतरवली.
तिच्या माथ्यावर रबराची चकती, पाऊण इंच जाड,
ट्रकच्या टायरमधून सुरीने कापलेली,
कडा मात्र कानशीने गोल केलेल्या.
ही कुणी घातली?

डेल्फिनाचा बाप एउफेमियो
उलट्या बादलीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.
दोन बिया झाल्यावर बोलला:
"ओतिलिया पुढे बसायचीच नाही.
मागे, उजवीकडे,
मांडीवर तमालेचं भरलेलं पातेलं.
रविवारी चर्चपासून पुलापर्यंत गाडी अशी जायची,
की ठेव छतावर पाण्याची वाटी."
आणि टरफल थुंकला.

चकती काढली की गाडी सरळ. सोपं गणित.
मी ती कचऱ्याच्या डब्यावर धरलीसुद्धा.
डेल्फिनाने हात पुढे केला.
"डावीकडे अशीच एक काप."
"उंच होईल गाडी. पाऊण इंच."
लोरायडरवाल्याला हे सांगणं म्हणजे शिवी.
"होऊ दे."

टायर शोधण्यात दुपार गेली,
कापण्यात माझा अंगठा.
कडा कानशीने घासल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सकाळी शटर उचललं तर
छतावर वाटी, काठोकाठ.
पाण्यावर बीचं एक टरफल,
जरासं उजवीकडे.
वाऱ्याने असेल.