पाऊण अंश

उन्हात करून उपयोग नाही. दुपारी तीनला
बोर्डावरचे काळे-पांढरे चौकोन
गवतावरच्या वाफेत पोहायला लागतात.
म्हणून सहाची वाट बघायची,
इंदूरच्या स्टेडियममध्ये, मधल्या टॉवरवर :
मी, थर्मास, आणि तेवीस किलोची लेन्स,
जिच्यावर आधीच्या कुठल्या तरी दौऱ्यात
कुणी तरी मार्करनं लिहून ठेवलंय, हळू.

समोर नव्वद मीटरवर गेंदालाल.
पीचला पाणी मारणं हे त्यांचं काम.
आज त्यांच्या हातात मी बोर्ड दिलाय,
पाटाएवढा, बुद्धिबळाच्या घरांचा,
आणि ते तो धरून उभे आहेत
लग्नाच्या फोटोत उभं राहावं तसे,
पोट आत घेऊन.
थोडा तिरका. अजून. बास.

झूम शेवटपर्यंत आत नेला
की जग उरतं पाऊण अंश.
त्यात मावतं : बोर्ड, त्यांचे दोन अंगठे,
आणि कॉलरचं बटण,
पांढऱ्या शर्टावर हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं.
त्यांना वाटतंय मी लांब आहे.

आकडे येतात. आत जाताना एक,
बाहेर येताना दुसरा, त्याच जागी.
गियरच्या दातांत केसाएवढी फट असते,
ती भरेपर्यंत लेन्स निघालेलीच नसते
आणि मी वहीत लिहून मोकळी, निघाली म्हणून.
तेव्हा नियम असा की मोजायचं
ते नेहमी एकाच बाजूनं येऊन.
(घरी जातानाही मी रामबागेकडूनच जाते.
त्याचा याच्याशी संबंध नाही.)

आणि डोळा. लेन्सचा डोळा काचेत नसतो.
झूमबरोबर तो सरकत राहतो,
टोकाला पोचलं की लेन्समधूनच बाहेर पडून,
माझ्या खांद्यावरून मागे,
तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसतो.
गणित करून खुर्ची सांगता येते.
एकदा वळून पाहिलं मी.
कबुतराची शीट होती.

पण खरी अडचण ही नाही.
इतक्या लांबून, इतक्या अरुंदातून बघताना
लेन्सला कळतच नाही
समोरचं जवळ आलंय
की आपणच ओढून घेतलंय.
दोन्हीचं चित्र एकच उमटतं.
टेप घेऊन खाली उतरावं लागतं,
चालावं लागतं,
दुसरं टोक कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं.

व्हॅनमधून पिनाकिन, ज्याला नऊच्या आत
सराफ्यात पोचायचंय, म्हणतो, टाकतोय.
मॉनिटरवर गवतात उभा राहतो
स्कोअरचा खांब, निळा, नऊ फुटी, सावलीसकट.
मी कॅमेरा डावीकडे नेते.
खांब वीतभर घसरतो,
ओल्या ओट्यावरच्या भांड्यासारखा.
पुन्हा. के-वन. के-टू. पुन्हा.
सव्वाआठला एकदाचा रुततो :
डावीकडे जा, उजवीकडे जा, आत ये,
पायथ्याचं तेच एक पातं, तो सोडत नाही.

टेप गुंडाळायला खाली आले
तर गेंदालाल विचारतात, कहाँ है?
इथं, मी म्हणते. एवढा उंच.
ते मान मागे टाकून बघतात,
बरोबर नऊ फुटांवर थांबतात.
म्हारे तो कईं नी दिखे, बई.
मग पाइप उचलतात, ओढत निघतात,
आणि तिथं आल्यावर
दोन पावलं बाजूला होऊन जातात.

पिनाकिननं हे पाहिलं नाही.
तो पार्किंगमध्ये स्कूटरला किका मारत होता.
दवात पाइपची रेघ राहिली, सरळ,
मग तेवढ्यापुरती वाकडी, मग सरळ.

वहीत लिहिलं : तापमान एकोणीस,
झूम टोकाला, चूक दोन बोटं.
उद्या उन्हात धातू फुगेल.
चारला परत यायला हवं.