पाणी सुटायच्या आधी

भातसेच्या काठाला, पुलाच्या खालच्या अंगाला,
गोमा वाघे उकिडवा बसलेला असतो,
कानटोपीत विडी खोचून.
माझ्या हातातली काठी
तो सोयरिकीला आलेल्या मुलासारखी न्याहाळतो:
एवढी बारीक? आणि बारा हजार?
ठरलेले सहाशे मात्र आधी मोजून घेतो.
"माशाचे नाय हां. जागा दाखवायचे."

मी ठाण्यात पाण्याचे मीटर दुरुस्त करतो,
तेवीस वर्षं. कोपरी, पाचपाखाडी, उथळसर.
पाणी म्हणजे काचेमागचे लाल आकडे,
अडकलेली चक्री,
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा आवाज.
इथे ते घोट्याला चावतं.
धरणाच्या बुडातून येतं, गोमा सांगतो,
ऊन न बघितलेलं पाणी आहे, त्याला दात असणारच.

डबीत माझ्या बारा माश्या आहेत.
कोंबड्याच्या मानेचं पीस, रेशमी दोरा,
डोक्याशी लेकीच्या नेलपॉलिशचा एकेक थेंब.
मीटरचे स्क्रू ज्या टेबलावर सांडतात
तिथेच रात्री भिंग लावून बांधलेल्या.
ही सगळी रीत ट्राउटसाठीची,
बर्फाच्या मुलखातली.
इथे ट्राउट नाही. इथे कोळस आहे, खडस आहे,
आणि एक खेकडा, जो माझ्या बुटावर चढून
बराच वेळ विचार करतो.

दोन तास मी दोर हवेत फिरवतो.
मागे, पुढे, मागे, आणि सोडायचा.
एकदा करंजाच्या फांदीत, एकदा माझ्याच टोपीत.
कुठे माशी शिंकली कळत नाही,
बाराही माश्या गप्प आहेत.

गोमा काही बोलत नाही.
मग डबी मागून घेतो, एकेक माशी
नखावर ठेवून फुंकर मारतो.
"छान आहेत. पण ह्यांना इथं कोण वळखतो?"
आणि हनुवटीने पलीकडे दाखवतो:
वाकलेलं उंबर, त्यात दोन वानरं,
खातात कमी, पाडतात जास्त.
टप्. पाण्यावर एक वर्तुळ.
टप्. दुसरं.
तिसरं वर्तुळ मात्र
खालून वर आलेलं.

मी कात्री काढतो.
सर्वांत देखण्या माशीचे पंख उडवतो,
शेपटी उडवतो. तीन रात्रींचं काम.
उरते लालसर दोऱ्याची एक गाठ,
वाटाण्याएवढी, कुरूप.
"आता झालं उंबर," गोमा म्हणतो,
"किडा आतच हाय समजा."

वानर फांदी बदलतं तेव्हा फेकायचं, त्याचा हुकूम.
मी फेकतो. टप्.

काय झालं ते नीट सांगता येत नाही.
काठी एकदम जड झाली, जिवंत झाली,
रीळ ओरडायला लागलं
आणि पाण्याखाली एक पिवळी पाठ वळली,
हातभर, कदाचित जास्त,
खवले नव्या रुपयांएवढे.
त्याच क्षणी वर धरणाकडे भोंगा वाजला.

गोमाने माझी कॉलर धरली.
मी म्हटलं, एक मिनिट. तो म्हणाला, नाय.
मी म्हटलं, अरे, लागलाय!
त्याने कमरेचा कोयता काढला,
दोर कापला,
आणि मला पोत्यासारखं ओढत दरडीवर नेलं.

मग पाणी आलं.
आवाज न करता, आम्ही उभे होतो तो खडक
आधी गुडघाभर, मग नाहीच.
पुढे पिशाला ते उचलतील, गाळतील,
आठ-दहा दिवसांनी उथळसरच्या एखाद्या जिन्याखाली
मी त्याची मोजणी करीन.
ओठात लाल गाठ घेऊन तो
उंबराच्या मुळ्यांत शिरला असेल, असं मी म्हणतो.
"गंजून पडेल ती," गोमा म्हणतो,
"आमच्या ओठात काय काय अडकलंय."

विडी पेटवतो. ओली आहे, पेटत नाही.
माझ्याकडे न बघता विचारतो:
"जागा तर दाखवली ना?"