सोळाशे चाळीसपाशी काहीच नाही

तार्तू. बाहेर उणे एकोणीस.
एमायोगी नदी दोन्ही काठांनी गोठत
मधल्या एका काळ्या रेघेवर आलेली.
तळघरात उर्वे पोलादी कक्षाला
चांदीसारखा कागद गुंडाळते आहे,
उरलेला मासा गुंडाळावा तसा, सुरकुत्यांसकट.
दोन दिवस, दोन रात्री भाजायचाय तो.

हवा तर पंपांनी केव्हाच ओढून नेली.
राहतं ते पाणी.
पोलादावर ऑक्साइडची साय असते,
डोळ्यांना न दिसणारी,
तिला बिलगून बसलेलं, कुणीही कधी न ओतलेलं.
काटा एका आकड्यावर अडून बसला
की राइवो गळती शोधायला धावतो.
गळती नसते.
कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच.

एक थर पाणी पाहायचं
तर आधी सगळं पाणी घालवावं लागतं.

मग तो स्फटिक. करंगळीच्या नखाएवढा,
तापवून तापवून निळसर पडलेला.
जवळून पाहाल तर नांगरलेलं रान:
ऑक्सिजनचे वरंबे, टायटेनियमच्या सरी.
थंड केलेल्या सरीत रेणू उतरतो,
ऑक्सिजनच्या अंगाने धातूवर रेलतो
आणि एक हायड्रोजन
वरंब्याच्या दिशेने पुढे करतो.
धरलेला हात जड होतो, त्याचा सूर खाली येऊन पसरतो.
मोकळा राहिला तो
सदतीसशेच्या आसपास सुईसारखा वाजत राहतो.
आणि सोळाशे चाळीसपाशी कात्री:
दोन्ही हायड्रोजन जवळ येतात, लांब जातात, जवळ येतात.
ती चालते ते दोघे एकाच ऑक्सिजनचे असतील तोवरच.

हेन्नो, तिचे वडील,
कुंडाच्या सिमेंट कारखान्यात एकतीस वर्षं.
सफरचंदं राखाडी, खिडक्या राखाडी,
दोरीवरचे पलंगपोस वाळायच्या आत राखाडी.
सौनाची जमीन घातली तेव्हा
सहा वर्षांची उर्वे तासातासाला विचारायची, वाळलं?
"सिमेंट वाळत नाही," ते म्हणाले.
"पितं. आणि प्यायलेलं परत देत नाही."

शनिवारी ते तापलेल्या दगडांवर डावभर पाणी फेकायचे.
चर्र.
त्या वाफेला तिथे लेइल म्हणतात,
जुन्या लोकांच्या तोंडी तोच शब्द जिवालाही होता.
दगड क्षणात कोरडा.
कोरडा, असं तेव्हा तिला वाटायचं.

पहाटे तीन चाळीस. चौथा नमुना.
राइवो पडद्याकडे बघून जांभई देतो:
"सोळाशे चाळीसपाशी काहीच नाही. पाणी बसलंच नाही."
ती उजवीकडे बोट नेते.
छत्तीसशे नव्वदला एक टेंगूळ,
गोंगाटातून जेमतेम वर आलेलं.
"आहे," म्हणते. "पाणी म्हणून नाहीये."

वरंब्यात जिथे एक ऑक्सिजन गळालेला होता
त्या खळग्यात रेणू पडला आणि फुटला.
एक हायड्रोजन शेजारच्याकडे गेला.
आता दोन जागी अर्धं अर्धं,
दोन्ही ताणली जातात, थरथरतात,
कात्री मात्र कुणाकडेच नाही.

मग तापवणं, अंशाअंशाने.
बर्फाचे थर उणे एकशे दहालाच उठून जातात,
पाहुण्यांसारखे, मागे वळून न बघता.
सरीतला एकेरी थर शून्याच्या अलीकडेपर्यंत टिकतो.
फुटलेलं बसून राहतं.
दोनशे ओलांडल्यावर कुणीतरी कुणाला तरी गाठतं,
पाणी होऊन निघून जातं.
तेच पाणी असतं असं नाही.
हे वाक्य तिने वहीत लिहिलं होतं, ऑक्टोबरात,
कुंडाहून परतल्यावर, मग खोडलं,
कारण वहीत नुसते आकडे लिहायचे असतात.

कोट चढवून ती बाहेर जाते,
नदीकडे तोंड करून सिगारेट ओढते.
परत येताना दारातच
चष्मा पांढराफटक.
पुसते. पुन्हा पांढरा.
राइवो विचारतो, "काय झालं?"
"काही नाही," म्हणते.
"काच आहे."