राजीखुशीने

कोर्टनाक्यावर, झेरॉक्सवाल्याला लागून माझं टेबल.
'मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'
हे आता टाइप करावं लागत नाही,
एक कळ दाबली की येतं.
दुसरी दाबली की येतं
'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता'.
दिवसाला वीसेक माणसांची राजीखुशी
मी छापून देते, पानाला तीस रुपये.
हक्कसोडपत्र करायला बहिणी येतात,
मागे भाऊ उभा असतो, पेनाचं टोपण काढून.
त्यांना कुणी विचारत नाही, खरंच का?

निंगव्वा तुर्भ्याहून आली, दोन बस बदलून.
मुलाच्या फीमाफीसाठी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र.
मुलगा बसवराज, पॉलिटेक्निक, दुसरं वर्ष.
'परवाच अठरा पुरी झाली,' म्हणाली,
आणि कागदात बांधलेला पेढा माझ्या कीबोर्डवर ठेवला.

व्यवसाय?
'धंदा.'
कसला?
तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं आपण पाहतो
त्याच घरासमोर उभं राहून
त्या घराचा पत्ता विचारणाऱ्याकडे.

बारा वर्षं वकिलांचे कागद टाइप करून
काही कलमं बोटांना पाठ झालीत.
तिनं विकलं, एवढ्यानं गुन्हा होत नाही.
खोली दिली तर देणाऱ्याचा होतो.
शाळेच्या, देवळाच्या दोनशे मीटरच्या आत असेल
तर तिचाही,
आणि तुर्भ्यात दोनशे मीटर चालून दाखवा
वाटेत देऊळ न लागता.
शिवाय अठरावरचं कुणी, जाणूनबुजून,
तिच्या कमाईवर जगत असेल
तर तो.
परवापर्यंत बसूच्या ताटातला भात
नुसता भात होता.

मी तिला हे सांगितलं, प्रिंटरच्या आवाजाआड.
'मग धुणीभांडी लिव्हा.'
पण खाली छापलेलं असतं,
माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.
खरं लिहिलं तर पोरगा,
खोटं लिहिलं तर ती.

'मागं धाडीत उचललं हुतं,' ती म्हणाली.
'साहेबांनी इचारलं, कुणी फसवून आणलं?
म्हटलं, आणलं तवा फसवूनच, मावशीनं, चौदाची हुते.
आता चाळिशी आली. आता मी असते ती माझी मी.
पयलं लिव्हून घेतलं त्यांनी.
दुसऱ्याला रकाना नव्हता.
मग सुधारायला ठेवलं वरीसभर. लोकरीचे मोजे इणले.
तुर्भ्यात कोण घालतंय मोजे?'

मग माझ्या बोटांकडे बघत,
'तुमी काय लावता बाई, तुमच्या कागदावर?'

रेशनकार्डावर गृहिणी.
बँकेत गृहिणी, मुलीच्या शाळेत गृहिणी.
फॉर्म सगळे नवऱ्यानं भरले,
या टेबलाचं भाडं मी भरते.
आणि रात्री तो दिवा घालवतो तेव्हा
राजीखुशीची कळ
त्याला अंधारात कुठे सापडते
मला माहीत नाही.

यातलं मी काही बोलले नाही.
म्हटलं, 'स्वयंरोजगार' लिहिते. खोटं नाही ते.
'म्हंजी?'
स्वतःचं काम, स्वतः.
तिनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.
'असू दे.'

पान बाहेर येईपर्यंत मी विचारलंच,
बसूला ठाऊक आहे?
'पाचवीपासनं. भात तोच लावतो.'

तिनं कानडीत सही केली,
एकेक अक्षर थांबून, फुलपात्र पुसावं तसं.
पदराच्या गाठीतून तीन दहाच्या नोटा काढल्या.

मी घेतल्या.
मलाही अठरा पूर्ण होऊन
बरीच वर्षं झालीत.