सातवं घर

प्रणोती गेडाम आली तेव्हा मी चौकटीला रंधा मारत होतो.
खांद्यावर पिशवी, पिशवीत भाड्याचा बास.
"नागपूरचा आहे जी. माह्या बोटाले पुरत नाई.
पहिल्या घरातून चवथ्या घरात जाची म्हंजे
या बांधीतून त्या बांधीत उडी."
मी आजवर पलंग केले, देव्हारे, बंडीची चाकं,
एकदा नाटक कंपनीला थर्माकोल लावलेलं सिंहासन.
तारेचं काही नाही.
पण तिनं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर पंजा ठेवला,
मी कानावरची पेन्सिल भोवती फिरवली.
करंगळीपाशी रेघ हलली. तिला गुदगुल्या झाल्या.

अंगाला शिवण. हलकी, आणि टिचकी मारली
की लवकर गप्प बसत नाही.
मानेला साग, वडशाच्या डेपोतला, पावतीसकट
(पावती जपून ठेवलीय, साहेब विचारतातच).
घरांच्या पट्टीला तिवस,
मोडक्या बंडीच्या आसातला,
वंगण पिऊन पिऊन काळा झालेला.

गणित तिनंच आणलं, वहीचं पान फाडून:
तीस इंच भागिले सतरा पूर्णांक आठशे सतरा.
उरलं त्याला पुन्हा. उरलं त्याला पुन्हा.
घरं लहान होत जातात, संपत नाहीत.
विसाव्यानंतर मीच करवत खाली ठेवली.

पहिली मान चुकली. बाराव्या घरात अर्धं सूत.
अर्ध्या सुतावर दार लागतं, सूर लागत नाही.
ती आता गोठ्याचा अडसर आहे.
दुसरीच्या पोटात सळई घातली, टोकाला नट,
कारण चार तारा मिळून धानाच्या पोत्याएवढ्या ओढतात
आणि साग कितीही मानी असला तरी.

आरमोरीत नाकाडे पंपाच्या मोटारी भरतो.
त्याला म्हटलं, केसाहून बारीक तार, साडेसात हजार वेढे.
"किती एच.पी.?"
चार हजारांवर तार तुटली.
त्यानं शिवी दिली, चहा सांगितला,
पुन्हा एकपासून मोजायला बसला
आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाशीही बोलला नाही.

दिवाळीला आठ दिवस असताना तारा चढल्या.
सगळ्यात जाड तार तिनं नुसती सोडली.
फळीवरचा खिळ्यांचा डबा सरकत सरकत कडेला आला.
शेजारचं कुत्रं उठून बसलं.

बाबा आरागिरणीत एकेचाळीस वर्षं होते.
पात्यानं त्यांचे कान कधीच नेले;
आम्ही त्यांच्याशी हातांनी बोलतो.
ते उठले, कुणाला न विचारता
बासच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवली.
ती अवघडली, तरी एकेक घर चढत गेली.
"थांब," बाबा ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे.
"सातव्या घरात लाकूड बोलत नाई."

बारीक तार, सातवं घर. पुन्हा दाबून पाहिलं.
खरंच. सूर निघतो, दोन पावलं चालतो, बसून घेतो.
पट्टी तपासली. नट फिरवला.
डोक्याला शिशाचा तुकडा बांधला,
तर मुकी जागा सहाव्या घरात राहायला गेली.
शिसं काढलं, परत आली.
"नवी मान करतो," म्हटलं. "होळीपर्यंत होईल."
"होळीले का करू? नाटकं सरतेत तवा."
ती पिशवीची चेन ओढत होती.
"राहू द्या जी. नाटकात कोनी मेला
का हेच घर वाजवीन."

पौषात शंकरपटाच्या रात्री आम्ही पार मागे बसलो,
जिथून नटांचे चेहरे दिसत नाहीत.
बाबांचा तळहात सबंध वेळ मंडपाच्या खांबावर.
तिसऱ्या अंकात पाटलाचा धाकटा गेला,
बायका पदर शोधू लागल्या,
आणि बाबांनी अंधारात माझा गुडघा हलवला,
मला सात बोटं दाखवली.