लिफ्टचा ताल

दार अर्ध्यावर येऊन अडायचं,
घशात काटा रुतल्यासारखं खाकरायचं,
मग धप्.
तो धप् मी फोनवर पकडला, जानेवारीत,
हातमोजे न काढता.
संथ केला, खाली थोडा खर्ज घातला
आणि एफुआला म्हटलं, घे, हा तुझा ताल.

वुल्व्हरहॅम्प्टन. बारा मजले. लिफ्ट एक,
तीही ऑक्टोबरपासून रुसलेली.
एफुआची आई रात्रभर इस्पितळाच्या फरशा पुसून
सकाळी नऊ मजले गुडघ्यांनी मोजायची,
सहाव्यावर बटाट्यांची पिशवी टेकून
देवाशी फांटीत दोन शब्द बोलायची.
ते शब्द गाण्यात आहेत.
अर्थ विचारू नका.

कपाटात, कोटांच्या मधोमध उभी राहून
तिनं एका दमात म्हटलं सगळं.
दुसऱ्या कडव्यात शेजारची आयरीन,
वय एक्याऐंशी,
चार महिने जिच्या पायाला जमीन लागली नव्हती.

गाणं बाहेर पडलं.
लंडनच्या एका समीक्षकानं लिहिलं:
राग खरा, उच्चार गावंढळ, पाचपैकी दोन तारे.
रेडिओवर एकदाच लागलं, रात्री पावणेदोनला,
निवेदकानं एफुआची एफिया केली.
नंबर एक्केचाळीस. यादी चाळिसाची.
पण शाळा सुटल्यावर बसच्या वरच्या मजल्यावर
धप् आला की पोरं एकदम पाय आपटायची
आणि खालून ड्रायव्हर शिव्या घालायचा,
तालात.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं, भांडी विसळत.
"ते शब्द मी देवाला सांगितले होते," म्हणाली,
"तुला नाही."

आणि मार्चमध्ये, कौन्सिलच्या सभेत
मिस्टर प्रिचर्ड उठले, चष्मा लावला,
आख्खं दुसरं कडवं कागदावरून वाचलं,
गॅसचं बिल वाचावं तसं.
यमक आलं की ठेचकाळायचे.
शिवीपाशी थांबून म्हणायचे, "इथे एक शब्द आहे."
आम्ही मागच्या खुर्च्यांवर, माना खाली.
इतकं वाईट आमचं गाणं कुणी म्हटलं नसेल
आणि इतकं शांत बसून
कुणी ऐकलंही नसेल.

सोळा दिवसांनी निळ्या डगल्यातली दोन माणसं आली.
एकानं पाना फिरवताना तोंडातल्या तोंडात
आमचाच मुखडा पुटपुटला. कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता दार लोण्यातून सुरी जावी तसं मिटतं.
आयरीन खाली येते, बाकावर ऊन खाते.
"भरभर बोलते पोरगी," म्हणते,
"आणि यमकासाठी माझं एक वर्ष वाढवलंन."

एफुआ हल्ली दुसऱ्या कडव्याशी अडते.
हे खोटं झालं ना रे आता, विचारते.
मला काय विचारते.
मी आपला रात्री एकटा लिफ्टमध्ये शिरतो,
बारा दाबतो, मग शून्य, मग परत बारा,
दाराला कान लावून.

काही वाजत नाही.