हलू नको

मार्च लागला की खाडीच्या तोंडाशी दर्या तेलासारखा पडायचा,
वारा मेलेला, शिडं लोंबलेली,
आणि दिवेलागणीनंतर कधीतरी
दाभोळात पलीकडचं चित्र यायचं.
मुंबई केंद्र धड दिसत नसे,
कराची दिसायची.
हसनमियाँ तांडेल म्हणायचे,
पाण्यावरून आवाज घसरत येतो ना,
तसंच चित्रही घसरत असेल.

जैनब मुकादमच्या पडवीत टीव्ही, मस्कतहून आलेला,
डोक्यावर क्रोशाचा रुमाल,
पुढ्यात आम्ही चौदा पोरं
आणि पाटीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या.
अँटेना बांबूला, बांबू पोफळीला बांधलेला,
पण पोफळ डुलायची.
म्हणून कुणीतरी कौलांवर चढून
तो सांगाडा हातात धरून बसावं लागे.
सगळ्यांत हलकी जैनबच. तिच्याखाली कौल फुटत नसे.

"दिसला काय गो?"
"मुंग्या!"
"आता?"
"डोका हाय, पाय नाय!"
"आता?"
"दिसला, दिसला! हलू नको!"

हिरव्या झग्यातला जिन्न,
लोखंडी पेटीत राहणारा, मांजरीला भिणारा,
ऐन जादूच्या वेळी शिंकणारा.
राजवाडा मागावा तर मडकं यायचं,
घोडा मागावा तर नुसतं खिंकाळणं.
एक चेटकीणही होती,
तिची उर्दू इतकी गोड की शिवी कळायचीच नाही.

आमच्या खाडीत गिऱ्हा होता.
तो नुसता मागायचा, मासा दे, तंबाखू दे,
नाही दिलं तर पाय ओढायचा.
देणारं भूत आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.
आई म्हणाली, फुकट देतो त्याच्यापासून जपून राहा.

उर्दू मला चार आणे कळायची.
बाकीचे बारा आणे जैनब वरूनच सांगायची,
आवाज ऐकून, चित्र न बघता.
"आता तो पेटी दर्यात टाका म्हणतोय!"
आणि पडद्यावर तो केळं सोलत असायचा.
यावरून भांडण कधी झालं नाही.
जैनबची गोष्ट जास्त बरी असायची.

त्या वर्षी तिचे अब्बा तेलाच्या जहाजावर होते,
बसऱ्याच्या बाजूला कुठेतरी.
चार महिने पत्र नव्हतं.
पोस्टमन सायकलवरून न उतरताच
मान हलवून पुढे जायचा.

एका गुरुवारी जिन्नानं थेट आमच्याकडे बोट केलं,
बच्चो, माँगो.
वरून जैनब काहीतरी ओरडली, कळलं नाही.
आणि चित्र असं लख्ख आलं
की जिन्नाच्या पाठीवरची चेन दिसली,
शिंप्यानं बसवलेली, पितळी.
आम्ही एका आवाजात ओरडलो, हलू नको!
ती हलली नाही.
जिन्न संपला, बातम्या लागल्या,
कुठल्याशा लढाईच्या,
आम्ही कोंबड्या मोकळ्या करून घरी गेलो.
तिला खाली उतर म्हणायचं
कुणाला सुचलंच नाही.

अब्बा आले, मेच्या शेवटी,
होड्या वर ओढायच्या दिवसांत.
डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.
सगळे रडले.
जैनब मला न्हाणीमागे नेऊन म्हणाली,
शिंकला गो मेला.

परवा भाच्यानं फोनवर सगळे भाग काढून दिले,
एकामागोमाग, एकही मुंगी नाही.
तीन बघितले. चेन प्रत्येक भागात दिसते.
जिन्न काय बोलतो ते आता कळतं
आणि फार काही बोलत नाही तो.

रात्री कुवेतला फोन लावला.
जैनबचा चेहरा चौकोन चौकोन होऊन अडकला,
कपाळ होतं, हनुवटी नव्हती.
"दिसते काय गो मी?"
दिसलीस, म्हटलं.
उतर आता खाली.
तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे,
चौकोन हलायला लागले होते.